स्लो कुकरमधली भरपेट शाकाहारी चिली: राजमा भिजवण्यापासून शेवटच्या लिंबापर्यंत

चिली म्हणजे सुक्या मिरच्यांच्या गडद रश्श्यातला दाट पदार्थ, आणि स्लो कुकर म्हणजे मंद उष्णतेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं. हा कुकर चिलीला दोन गोष्टी उत्तम देतो, मऊपणा आणि मुरलेपणा. खमंगपणा मात्र तो देत नाही. भांड्यातलं तापमान पाण्याच्या उकळबिंदूपुढे जात नाही आणि झाकणाखाली सगळं ओलंच असतं. कांदा लाल व्हायला कोरडी आणि त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. दाटपणाही तो देत नाही, कारण वाफ बाहेर जायला वाटच नसते. आणि कच्चा राजमा थेट त्यात टाकला, तर तो खाण्याजोगा सुरक्षित करणंही त्याच्या आवाक्यात नसतं.

म्हणून "सगळं भांड्यात टाका, बटण दाबा आणि विसरून जा" या पद्धतीनं केलेली शाकाहारी चिली बहुतेक वेळा पाणचट होते, तिला कांद्याचा उग्र वास राहतो आणि मसाला वेगळाच लागतो. मांसाच्या चिलीत चरबी आणि हाडामांसातून सुटणारा चिकट रस बऱ्याच उणिवा झाकून नेतात. शाकाहारी चिलीत ती जाडी आणि खोली आपल्याला हातानं घालावी लागते. ती घालायच्या जागा दोन आहेत: कुकर लावण्याआधी पॅनमध्ये घालवलेला पाऊण तास आणि झाकण शेवटचं उघडल्यानंतरचा अर्धा तास. मधले सहा-आठ तास खरोखर विसरून जाता येतात. या दोन जागा सोडू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

राजमा: हा भाग गाळू नका

लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं. ते निसर्गतःच दाण्यात असतं, खराब माल किंवा अस्वच्छता याच्याशी त्याचा संबंध नाही. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोराची मळमळ आणि उलट्या सुरू होतात, मग जुलाब. सुदैवानं व्यवस्थित उकळलं की हे लेक्टिन नष्ट होतं. पण त्यासाठी खरी, खळखळणारी उकळी हवी.

स्लो कुकरची अडचण इथेच आहे. काही कुकरमध्ये मंद सेटिंगवर दाण्यांचं तापमान ७५ अंश सेल्सिअसच्या वर गेलंच नाही, असं तपासणीत आढळलेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट घातक ठरू शकतो. दिवसभर शिजून दाणा मऊ लागतो, पण मऊ म्हणजे सुरक्षित नव्हे. "आठ तास तर शिजलाय, आता काय होणार?" हा विचार याच कारणानं धोक्याचा आहे.

करायचं एवढंच: राजमा किमान पाच तास, सोयीसाठी रात्रभर, भिजवा. ते पाणी टाकून द्या. ताज्या भरपूर पाण्यात शेगडीवर खळखळून उकळी आणा आणि उकळी फुटल्यापासून ३० मिनिटं मोजा. खरं तर १०० अंशांवर १० मिनिटांत लेक्टिन निष्प्रभ होतं, पण पातेल्यातला प्रत्येक दाणा आतपर्यंत तापला याची खात्री व्हावी म्हणून एफडीए या अमेरिकेतल्या अन्न-औषध नियामक संस्थेचा सल्ला ३० मिनिटांचा आहे. तोच पाळावा. ब्लॅक बीन्स, पिंटो आणि पांढरे कॅनेलिनी हे सगळे राजम्याचे सख्खे भाऊबंद. त्यांच्यात हे लेक्टिन कमी असलं, तरी पद्धत हीच ठेवा.

डब्यातला राजमा किंवा बीन्स वापरणार असाल तर या सगळ्यातून सुटका. डबाबंद करतानाच ते दाबाखाली पूर्ण शिजलेले असतात. चाळणीत ओतून, धुऊन घ्या. चिलीसाठी डबा वापरण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. सुके दाणे घेण्याचं खरं कारण त्यांचं शिजवलेलं पाणी आहे. ते पिठूळ, गडद आणि चवदार असतं आणि चिलीला आयताच रस्सा मिळतो.

भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे १५ ग्रॅम मीठ घाला. "मिठानं कडधान्य शिजत नाही" हा समज भिजवण्याच्या बाबतीत उलटा ठरतो. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा घेतं, साल लवचीक होते आणि दाणे न फुटता शिजतात. घरात फार उकाडा असेल तर भिजवलेलं भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं.

तीस मिनिटांच्या उकळीनंतर आच कमी करून दाणे पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. दाण्याच्या वयानुसार आणखी पाऊण ते दीड तास लागतो. प्रेशर कुकर असेल तर भिजवलेले दाणे त्यात शिजवणं सगळ्यात सोपं आणि तितकंच सुरक्षित. पाहण्याची रीत अशी: पातेल्याच्या वेगवेगळ्या जागांवरून पाच दाणे काढा. चमच्यात धरून फुंकर मारली की साल सुरकुतून उलगडायला हवी. मग प्रत्येक दाणा जीभ आणि टाळूमध्ये दाबा. मधोमध खडूसारखा पांढरा, रवाळ गाभा लागला तर अजून वेळ आहे. चार मऊ आणि एक कडक, म्हणजेसुद्धा अजून वेळच आहे. दाणे हट्टी निघाले किंवा पाणी जड असेल तर पाव चहाचा चमचा खायचा सोडा घाला.

दाणे टोमॅटोत पडण्याआधी पूर्ण मऊ का हवेत, याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. आम्लामुळे दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही. अर्धकच्चा राजमा टोमॅटोच्या रसात दहा तास ठेवला तरी तो हट्टानं कडकच राहतो. पण हेच आम्ल पुढे कामाला येतं. आधीच मऊ झालेला दाणा टोमॅटोत आठ तास राहूनही गाळ होत नाही, आकार धरून राहतो. क्रम बरोबर असला की तीच गोष्ट अडथळ्याऐवजी मदत होते.

कुकर आणि त्याचं माप

पुढचं प्रमाण ६ लिटरच्या कुकरचं आहे, आठ जणांना पोटभर होतं. ३ ते ३.५ लिटरचा कुकर असेल तर सगळं निम्मं करा. भांडं निम्म्यापेक्षा कमी भरलं तर कडेचं करपतं, दोन-तृतीयांशांहून जास्त भरलं तर मधलं तापायला फार वेळ लागतो.

मंद आणि तेज या दोन सेटिंगांबद्दल मोठा गैरसमज आहे. बहुतेक कुकरमध्ये दोन्हींचं अंतिम तापमान जवळपास सारखंच असतं, उकळीच्या थोडं खाली. फरक असतो तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळेचा. कुकर जुना असेल किंवा कुणाकडून आला असेल तर एकदा तपासून घ्या. निम्मं भांडं पाणी भरा, मंदवर आठ तास ठेवा आणि झाकण उघडल्याबरोबर थर्मामीटर बुडवा. ८५ अंशांच्या खाली आकडा आला तर तो कुकर अन्न शिजवायला वापरू नये.

मला आवडणारा एक तपशील: हे यंत्र मुळात बीन्ससाठीच जन्मलं. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. लिथुएनियातल्या गावी त्यांच्या आईच्या लहानपणी चोलंट नावाचा बीन्सचा पदार्थ बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत रात्रभर मुरत असे, त्या आठवणीतून त्यांना कल्पना सुचली. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये हा कुकर 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आणला.

साहित्य

सुका लाल राजमा २५० ग्रॅम आणि ब्लॅक बीन्स २०० ग्रॅम (किंवा ४०० ग्रॅमचे चार डबे)
कांदे २ मोठे, बारीक चिरून
ढोबळी मिरची २, एक लाल आणि एक हिरवी
गाजर १, अगदी बारीक तुकडे
मशरूम ३०० ग्रॅम
लसूण ६ पाकळ्या
बल्गर, म्हणजे गव्हाचा उकडून वाळवलेला रवा, ८० ग्रॅम
डब्यातले टोमॅटो ८०० ग्रॅम
टोमॅटो पेस्ट ३ मोठे चमचे
सुक्या मिरच्या: आंचो ४, ग्वाहीयो २, आणि आडोबो या आंबट-तिखट मेक्सिकन सॉसमधली चिपोटले १ किंवा २
जिरेपूड १ मोठा चमचा, धनेपूड आणि ओरेगानो प्रत्येकी २ चहाचे चमचे
बिनसाखरेची कोको पावडर १ मोठा चमचा
सोया सॉस २ मोठे चमचे
राजम्याचं शिजवलेलं पाणी किंवा भाज्यांचा स्टॉक ६०० मिलिलिटर
मक्याचे दाणे १५० ग्रॅम
मासा हरिना (टॉर्टियासाठीचं मक्याचं पीठ) २ मोठे चमचे
तेल ४ मोठे चमचे, मीठ, १ ते २ लिंबं

चिली टेक्सासची. १९७७ पासून ती त्या राज्याचा अधिकृत पदार्थ आहे, आणि तिथल्या कडव्या मंडळींच्या मते चिलीत बीन्सला जागाच नाही, मांसाशिवाय तर ती चिलीच नाही. त्यांच्या चिलीचा मान ठेवूनही एक म्हणेन: त्या पदार्थाचा कणा मांस नसून मिरची आहे. सुक्या मिरच्यांचा गडद रस, जिरे, ओरेगानो आणि लसूण हे नीट जमलं, तर शाकाहारी भांड्यातही ती ओळख पुरेपूर उतरते.

भरपेटपणा येतो तो मशरूम आणि बल्गरमधून. नुसते बीन्स आणि टोमॅटो असले की चिली सूपसारखी लागते, दाताखाली काही येत नाही. बल्गरचे कण रस पिऊन फुगतात आणि खिम्यासारखा पोत देतात. गहू चालत नसेल तर सोया ग्रॅन्युल्स घ्या किंवा अक्रोड भाजून भरड कुटून घाला. अक्रोडानं येणारा तेलकट, किंचित कडवट भरीवपणा मला सोयापेक्षा जास्त पसंत आहे.

पूर्ण शाकाहारी हवं असेल तर बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचा. चिलीच्या अनेक पाककृतींत वूस्टरशर सॉस असतो आणि त्यात बहुधा अँचोव्ही मासे असतात. सोया सॉस तेच काम करतो.

मिरच्यांचं वाटण

सगळ्या पाककृतीत वेळ वाचवायला सगळ्यात वाईट जागा ही. आंचो म्हणजे पिकून वाळलेली पोब्लानो मिरची. ती तिखट फारशी नसते, तिला मनुकांसारखा गोडसर गडदपणा असतो. ग्वाहीयोला लालभडक रंग आणि थोडा आंबट तरतरीतपणा. चिपोटले म्हणजे पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवलेली. शाकाहारी चिलीत जी धुराची, भाजलेली चव हवीशी वाटते ती हीच देते. तिघींची कामं वेगवेगळी असल्यानं एकीचं प्रमाण वाढवून दुसरीची उणीव भरून निघत नाही.

आंचो आणि ग्वाहीयोचे देठ आणि बिया काढा, मिरच्या उघडून सपाट करा. कोरड्या पॅनवर मध्यम आचेवर उलथन्यानं दाबत दोन्ही बाजू भाजा. एका बाजूला अर्धं मिनिट खूप झालं. रंग किंचित बदलतो, कातडी मऊ पडते आणि वास खोलीभर पसरतो, त्या क्षणी उतरवा. काळे डाग पडून धूर निघाला तर ती मिरची टाकून दुसरी घ्या. जळक्या मिरचीचा कडूपणा पुढच्या आठ तासांत कमी होत नाही, उलट सगळ्या भांड्यात पसरतो.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवा. ते पाणी चाखून बघा. कडू लागलं तर ओतून द्या, चांगलं लागलं तर वाटायला वापरा. चिपोटले आणि अर्धा लसूण घालून गुळगुळीत वाटा, शक्यतो गाळून घ्या, म्हणजे सालीचे तुकडे दाताखाली येत नाहीत.

सुक्या मिरच्या मिळत नसतील तर ३ मोठे चमचे चिली पावडर आणि १ चहाचा चमचा स्मोक्ड पॅप्रिका. इथे एक सावधगिरी. अमेरिकी पद्धतीची चिली पावडर हे मिश्रण असतं: सौम्य मिरची, जिरे, ओरेगानो, लसूण आणि अनेकदा मीठसुद्धा. १८९०च्या दशकात टेक्सासमध्ये विल्यम गेभार्ट यांनी ते विकायला आणलं आणि तेव्हापासून चिली वर्षभर, कुठेही करता येऊ लागली. हे प्रमाण त्या मिश्रणाचं आहे. निव्वळ तिखट मिरचीपूड तीन चमचे घातली तर चिली तोंडात धरवणार नाही. मिश्रण वापरलंत तर जिरे निम्मे करा आणि मीठ शेवटपर्यंत हात राखून घाला.

पॅनमधला पाऊण तास

आधी मशरूम. मोठ्या, जाड बुडाच्या पॅनमध्ये १ चमचा तेल तापवा, मशरूम हातानं चुरल्यासारखे बारीक चिरून पसरा आणि लगेच ढवळत बसू नका. आधी त्यांना पाणी सुटेल, पॅनमध्ये डबकं साचेल. ते आटू द्या. पाणी संपल्यावर आवाज बदलतो: बुडबुड थांबून चुरचुर ऐकू येते. खरं काम तिथून सुरू होतं. कडा तपकिरी होईपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं जातील. काढून बाजूला ठेवा.

त्याच पॅनमध्ये २ चमचे तेल, कांदा आणि चिमूटभर मीठ. मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं, सोनेरीच्या पुढे, तपकिरीकडे झुकेपर्यंत. कच्चा कांदा स्लो कुकरमध्ये मऊ होतो, पण त्याची गंधकाची उग्र चव झाकणाखाली अडकून राहते आणि दिवसभर शिजूनही जात नाही. कांदा तयार होत आला की ढोबळी मिरची घालून चार मिनिटं परता, मग उरलेला लसूण बारीक करून घाला आणि अर्धं मिनिट परता.

आता सगळं कडेला सारून मध्ये जागा करा. उरलेलं तेल आणि टोमॅटो पेस्ट घाला. पेस्ट तेलात दोन-तीन मिनिटं परतली की तिचा भडक लाल रंग विटकरी होतो आणि कच्चा आंबटपणा जातो. लगेच जिरेपूड, धनेपूड, ओरेगानो आणि कोको घाला. मसाले तेलात अर्धं-एक मिनिट परतणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांचे सुगंधी अंश पाण्यात नाही, तेलात उतरतात. मिरचीचा तिखटपणासुद्धा तेलातच विरघळतो. हेच मसाले नंतर रश्श्यावर भुरभुरले तर ते तरंगत राहतात, अंगात शिरत नाहीत.

शेवटी मिरचीचं वाटण घालून दोन-तीन मिनिटं परता. त्याचा रंग गडद होतो आणि कडेनं तेल दिसू लागतं. मग पाणी किंवा स्टॉक ओता आणि लाकडी उलथन्यानं पॅनचा तळ खरवडा. तळाला चिकटलेला तो तपकिरी थर म्हणजे आतापर्यंतच्या मेहनतीची चव. तो सिंकमध्ये जाऊ देऊ नका. टोमॅटो आणि सोया सॉस घालून एक उकळी आणा. गरम रस्सा कुकरमध्ये गेला की भांडं लवकर तापतं, आणि जिवाणू वाढतात त्या ५ ते ६० अंशांच्या टप्प्यात अन्न रेंगाळत नाही.

कुकर लावणं

गाजर तळाशी पसरा. स्लो कुकरमध्ये कंदमुळं बीन्सपेक्षाही सावकाश शिजतात आणि उष्णता तळाला व कडेला जास्त असते. वर मशरूम, शिजलेले बीन्स, बल्गर आणि शेवटी उकळता रस्सा. एकदाच नीट हलवा. रस्सा बीन्सच्या जेमतेम वर यायला हवा. शेगडीवरच्या चिलीच्या मानानं पाणी कमी वाटेल, पण वाढवू नका. इथे आटणं जवळपास नाहीच, उलट भाज्यांचंच पाणी सुटतं.

मंदवर ६ ते ८ तास किंवा तेजवर ३ ते ४ तास. हातात वेळ असेल तर मंद, चव जास्त एकजीव होते. झाकण उघडून डोकावण्याचा मोह टाळा. एकदा उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि शिजण्याची वेळ २० ते ३० मिनिटांनी लांबते.

आदल्या रात्री सगळी तयारी करून सकाळी फक्त बटण दाबायचं असेल तर रस्सा आणि बीन्स वेगवेगळ्या डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा, सिरॅमिकच्या भांड्यात नको. फ्रीजमधलं गार भांडं तापत्या बुडावर ठेवलं तर तडकू शकतं. सकाळी रस्सा शेगडीवर उकळून मगच ओता. गोठलेलं काहीही थेट घालू नका.

तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नसेल, तर चिली शिजलेली दिसली तरी टाकून द्या. जिवावर येतं, पण दुसरा सुरक्षित पर्याय नाही. घरात असाल तर लगेच शेगडीवर काढून शिजवून पूर्ण करा.

शेवटचा अर्धा तास

झाकण उघडल्यावर पहिला घास बहुधा थोडा सपाट लागेल. घाबरू नका. लांब शिजण्यात तीव्र सुगंध उडून जातात, त्यांची भरपाई आता करायची असते.

आधी दाटपणा. चमचा भांड्याच्या तळातून सरळ ओढा. मागे उमटलेली वाट क्षणभर टिकून मग हळूच मिटली, तर चिली बरोबर आहे. लगेच भरून आली, तर पातळ. अशा वेळी मासा हरिना कोमट पाण्यात कालवून घाला. हे चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याचं पीठ, त्यानं चिली दाटही होते आणि टॉर्टियाचा सुगंधही येतो. साधं मक्याचं पीठ किंवा कॉर्नस्टार्च दाट करील, तो सुगंध देणार नाही. पीठ नसेल तर कपभर बीन्स काढून ठेचून परत घाला. मक्याचे दाणेही आताच घाला, म्हणजे करकरीत राहतील. तेजवर झाकण ठेवून ३० मिनिटं. फार दाट झाली असेल, बल्गरमुळे कधी होते, तर थोडं गरम पाणी.

मग मीठ. मीठ आताच का? कारण स्टॉक, सोया सॉस, डब्यातले टोमॅटो आणि बीन्स हे सगळे आपापलं मीठ घेऊन आलेले असतात. अर्धा चमचा घाला, हलवा, मिनिटभर थांबा, चाखा. बीन्स मीठ बरंच झाकतात, त्यामुळे रस्सा आणि दाणा दोन्ही एकत्र चाखायला हवेत.

आणि मग लिंबू. मीठ पुरेसं असूनही काहीतरी कमी वाटतंय, चव जड आणि मातकट लागतेय, तर नव्वद टक्के वेळा उत्तर आम्ल असतं. एका लिंबाचा रस घाला आणि पुन्हा चाखा. जिरे आणि मिरची एकदम पुढे येतात. लिंबाऐवजी १ मोठा चमचा साइडर व्हिनेगर चालेल. टोमॅटो फार आंबट निघाले असतील तर चमचाभर ब्राउन शुगर. तिखट जास्त झालं असेल तर पाणी वाढवून काही साधत नाही, वाढताना सावर क्रीम किंवा अॅव्होकाडो द्या.

दही, क्रीम, चीज कुकरमध्ये घालून शिजवू नका. आम्ल आणि लांबलेली उष्णता यांनी ते फाटतात.

वाढताना आणि उरल्यावर

वाटीत चिली, वर बारीक चिरलेला पातीचा कांदा, कोथिंबीर, अॅव्होकाडोचे काप, किसलेलं चेडर आणि बाजूला कॉर्नब्रेड किंवा टॉर्टिया चिप्स. माझ्या मते यातल्या दोनच गोष्टी निवडाव्यात, एक गार मऊ आणि एक करकरीत. सगळंच वर रचलं की सकाळपासून मुरलेली चव खाली दबून जाते.

लगेच जेवायचं नसेल तर 'वॉर्म' सेटिंगवर एक-दोन तास ठेवता येते. तिथे तापमान ६० अंशांच्या वर राहायला हवं, एकदा मोजून बघा. उरलेली चिली सिरॅमिकच्या भांड्यातच ठेवून फ्रीजमध्ये सरकवू नका. ते भांडं उष्णता धरून ठेवतं आणि मधली चिली तासन् तास कोमट राहते. उथळ डब्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस छान राहते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगली लागते. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने टिकते. डब्यात वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना ती फुगते.

पुन्हा गरम करायला स्लो कुकर वापरू नका, त्याला फार वेळ लागतो. शेगडीवर, थोडं पाणी घालून, मधूनमधून ढवळत सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. बल्गर फ्रीजमध्येही रस पीत राहतो, म्हणून पाणी लागतंच, आणि पाणी घातलं की मीठ आणि लिंबू पुन्हा एकदा चाखून घ्या.